पोटात रबर असलेला योद्धा

मधल्या सुट्टीत नववीच्या वर्गात एका बाकाभोवती दहा-बारा मुलांचा घोळका जमला होता. आमच्या एका सहकारी बाईंनी आत डोकावून पाहिले आणि बाकावरची वस्तू उचलून थेट शिक्षकांच्या खोलीत आणली. सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचा, काळपट लांब अंगरखा घातलेला, डोक्यावर त्रिकोणी टोपी आणि तोंडावर फडके बांधलेला एक इसम. हातात करवतीसारखे दाते असलेले घडीचे हत्यार. मागोमाग त्याचा मालक आला. "एवढा घोडा झालास, आणि शाळेत बाहुला घेऊन येतोस?" असे बाईंनी विचारताच तो खाली मान घालून, पण ठामपणे म्हणाला, "बाई, हा बाहुला नाहीये. अ‍ॅक्शन फिगर आहे."

खोलीत हशा पिकला. आम्हीही हसलो. वस्तू दोन दिवस आमच्याकडे राहील, असा निकाल झाला. ती मुलाच्या मोठ्या भावाची होती, त्यामुळे त्याचा चेहरा पार पडला. त्या दोन दिवसांत तिच्याविषयी जे वाचले, त्यानंतर आमचे हसू मावळले. 'हा बाहुला नाही' हे त्याचे वाक्य साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका कंपनीने मुद्दाम तयार केलेले होते आणि त्या वाक्याच्या खरेखोटेपणावर तिथल्या न्यायालयात एकदा नव्हे, दोनदा खल झालेला होता.

आधी वस्तूविषयी. 'ब्लडबोर्न' नावाचा एक व्हिडिओ गेम २०१५ साली जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने काढला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. खेळ घडतो तो यार्नम नावाच्या काल्पनिक शहरात. तिथे रक्तावर आधारित एक उपचारपद्धती प्रसिद्ध आहे. पण शहरात साथ पसरली आहे आणि माणसांची हिंस्र श्वापदे होत आहेत. खेळणारा हा 'शिकारी'. श्वापदे मारायची, मारता मारता मरायचे, पुन्हा उठायचे आणि आपण जिथे पडलो तिथवर जाऊन गमावलेली कमाई परत मिळवायची. असे अंधारे, भयाण अद्भुत जग उभे करणाऱ्या खेळांना 'डार्क फँटसी' म्हणतात. त्या शिकाऱ्याची ही प्रतिकृती जपानच्या मॅक्स फॅक्टरी या कंपनीच्या 'फिग्मा' मालिकेतली आहे. ही मालिका २००८ साली सुरू झाली.

वस्तू म्हणून ती उत्तम आहे, हे कबूल करायला हवे. अंगरख्याच्या कडा झिजल्यासारख्या रंगवल्या आहेत, चामड्याचे पट्टे वेगळे दिसतात. खांदे, कोपरे, मनगटे, कंबर, गुडघे, घोटे अशा वीसच्या घरात जागा वळतात आणि वळवले तिथेच राहतात. अंगरखा मऊ प्लॅस्टिकचा आहे, म्हणून पाय पुढे टाकला तरी तो अडवत नाही. मागे पारदर्शक टेकू आहे. तो लावला की शिकारी हवेत झेप घेतलेल्या अवस्थेत थांबतो. उणिवाही आहेत. हाताचे पंजे बदलताना मनगटाची बारीक खुंटी तुटेल की काय, अशी धास्ती वाटते. आणि किंमत! आमच्या शाळेतल्या मुलाच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यात सहज भागावा.

आता ते नाव. १९५९ साली बार्बी ही बाहुली बाजारात आली. तिचे खरे उत्पन्न बाहुलीत नव्हते, तिच्या कपड्यांत होते. बाहुली एकदा घ्यायची, पोशाख मात्र घेतच राहायचे. स्टॅन वेस्टन नावाच्या एका गृहस्थांच्या मनात आले की मुलींसाठी हे चालते, तर मुलांसाठी सैनिक का नको? गणवेश, बंदुका, तंबू, गाड्या, किती तरी वस्तू विकता येतील. त्यांनी ही कल्पना १९६३ साली हॅस्ब्रो कंपनीला सांगितली आणि १ लाख डॉलर घेऊन कायमची विकली. कंपनीचे डॉन लेव्हाइन यांनी ती उचलून धरली. चित्रकार सरावासाठी जो सांधे असलेला लाकडी पुतळा वापरतात, तसा एक पुतळा दुकानाच्या काचेआड दिसला आणि त्यावरून शरीराची रचना सुचली, असे सांगितले जाते. १९६४ साली सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा, २१ हलते भाग असलेला 'जी. आय. जो' विक्रीला आला.

अडचण एकच होती. मुलगा बाहुलीशी खेळणार नाही आणि खेळायला लागला तर बाप दुकानात पाकिटाला हात घालणार नाही. म्हणून कंपनीने 'बाहुली' हा शब्दच हद्दपार केला आणि 'अ‍ॅक्शन फिगर' हा नवा शब्द आणला. आमच्या नववीतल्या मुलाच्या तोंडी होता तो हाच. बाईंच्या 'बाहुला' या शब्दाने तो का दुखावला, हेही मग उमगले. बाहुली म्हणजे मुलींचे काम, ही समजूत काही फक्त अमेरिकेची नाही. आमच्या वर्गातल्या किती मुलग्यांनी भातुकलीत मनापासून खेळल्याचे चारचौघांत कबूल केले असते?

पण नाव बदलल्याने वस्तू बदलते का? हा प्रश्न जकात खात्याने विचारला. अमेरिकेत आयात होणाऱ्या बाहुल्यांवर जकात जास्त आणि इतर खेळण्यांवर कमी अशी पद्धत होती. हॅस्ब्रोने आपला जो बाहेरच्या देशांत बनवून घेतला होता. कंपनीचे म्हणणे असे, की ही बाहुली नाही, पूर्वीच्या शिशाच्या सैनिकांसारखे हे खेळणे आहे. न्यायालयाला ते पटले नाही. १९८९ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला: जो ही बाहुलीच.

दुसरा खटला अधिक चमत्कारिक. टॉय बिझ ही कंपनी 'एक्स-मेन' या चित्रकथांतील पात्रांच्या प्रतिकृती आणत असे. जकातीच्या नियमांत एक बारकावा होता. बाहुली म्हणजे केवळ मानवी रूप दाखवणारी वस्तू, तिच्यावर १२ टक्के जकात. प्राणी, राक्षस, यंत्रमानव अशी मानवेतर रूपे असली तर ते साधे खेळणे, जकात ६.८ टक्के. कंपनीच्या वकिलांनी सांगितले, की आमची पात्रे माणसे नाहीतच. त्यांना नख्या आहेत, पंख आहेत, अतिमानवी शक्ती आहेत. न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी एकेक प्रतिकृती तपासली आणि २००३ साली निकाल दिला: ही माणसे नव्हेत. कंपनीचे पैसे वाचले. वाचक मात्र खवळले. कारण त्या कथांचा गाभाच हा, की जन्मतः वेगळी असलेली ही माणसेही माणसेच आहेत आणि जग त्यांना माणूस म्हणायला तयार नाही. ज्या कंपनीने त्यांची कथा विकली, तिच्याच बाजूने न्यायालयात उलटे सांगितले गेले!

आमचा शिकारी त्या न्यायालयापुढे उभा राहिला असता तर? श्वापदांना मारता मारता स्वतः श्वापद होण्याच्या उंबरठ्यावर आलेला माणूस. १२ टक्के की ६.८? सुदैवाने हा प्रश्न आता उरलेला नाही. २००७ साली आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहुल्या व इतर खेळणी एकाच शीर्षकाखाली आणली गेली.

इथून पुढे इतिहासाची सूत्रे रसायनशास्त्राच्या हाती जातात. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले. प्लॅस्टिक तेलापासूनच येते, तेव्हा ३० सेंटिमीटरचा सैनिक परवडेना. त्याआधीच व्हिएतनाम युद्धामुळे युद्धखेळण्यांवरची मर्जी उतरली होती. सत्तरीचे दशक सरण्यापूर्वीच जुना जो बाजारातून गेला. १९७७ साली 'स्टार वॉर्स' चित्रपट आला, तेव्हा केनर कंपनीने त्यातील पात्रे ९.५ सेंटिमीटर उंचीची केली. मागणी इतकी अचानक आली की नाताळपर्यंत माल तयारच झाला नाही. कंपनीने मग पुठ्ठ्याचे रिकामे पाकीट विकले. आत एक कूपन, ते पाठवले की चार प्रतिकृती नंतर टपालाने घरी. लोकांनी नाताळची भेट म्हणून ते पाकीटही घेतले. १९८२ साली जो परतला, तो याच छोट्या उंचीत.

उंची कमी केली की नुसते प्लॅस्टिकच वाचत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे फळ्यावर मांडून दाखवण्याजोगे आहे. उंची निम्मी केली तर घनफळ, आणि म्हणून वजन, आठपट कमी होते. आडवा धरलेला हात खांद्याच्या सांध्यावर जे आघूर्ण निर्माण करतो ते वजन गुणिले अंतर. अंतरही निम्मे, म्हणून आघूर्ण सोळापट कमी. त्याला रोखणारे घर्षणाचे आघूर्ण सांध्याच्या पृष्ठभागावर आणि त्रिज्येवर अवलंबून असते. दाब तेवढाच धरला तर ते आठपटच कमी होते. म्हणजे लहान बाहुल्याचा सांधा तुलनेने दुप्पट समर्थ! मोठ्या बाहुल्याचा हात महिन्याभरात लोंबू लागतो आणि १५ सेंटिमीटरचा शिकारी हत्यार उगारून वर्षभर उभा राहतो, त्यामागे हेच गणित आहे. आकार आणि बळ यांचे हे नाते गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांवरून समजावले होते.

नव्या छोट्या जोची रचना मोठी युक्तीची. छाती, कंबर आणि पाय हे सुटे भाग पोटातल्या एका रबरी कड्याने एकत्र ताणून धरलेले. पाठीवर एक स्क्रू. इथे या इतिहासाला आपल्याकडचा धागा जोडला जातो. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी निघाली आणि गोव्यातल्या कारखान्यातही तिची खेळणी होऊ लागली. अमेरिकेत वापरून झालेले साचे इकडे आले. त्यांतून निघालेले जो नव्वदीच्या दशकात आपल्या दुकानांत टांगलेले असत. रंग मूळ अमेरिकन जोपेक्षा पुष्कळदा निराळे, काही तर अगदी भडक. आज परदेशी संग्राहक नेमके हेच रंग हौसेने शोधतात. एमआरएफ म्हणजे टायर करणारी कंपनी, आणि खेळण्याचा सगळा जीव पोटातल्या रबरात. हा योगायोग आम्हांला फार आवडला.

त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, जो कसा मेला? उत्तर ठरलेले: 'कमरेतून तुटला.' खरे तर तो तुटत नसे. रबराच्या लांब साखळ्यांवर हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हल्ला करतात. ताणलेल्या रबरावर हा हल्ला अधिक लवकर होतो. बारीक भेगा पडतात आणि एके दिवशी कडे तुटते, पाय गळून पडतात. आमच्यातल्या एकाच्या घरी माळ्यावर असा एक दुभंगलेला जो निघाला. पाठीचा स्क्रू काढला, नळदुरुस्तीच्या दुकानातून त्या मापाचे रबरी कडे आणले आणि दहा मिनिटांत तो उभा राहिला. कड्याची किंमत चहाच्या कपाहून कमी.

शिकाऱ्याच्या पोटात रबर नाही. त्याचे सांधे कठीण प्लॅस्टिकचे, अंगरखा मऊ पीव्हीसीचा. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ. नळाचे पाइप होतात तेच. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात विशिष्ट द्रव मिसळून ते रबरासारखे मऊ करून दाखवले. मऊपणा आणणाऱ्या या पदार्थांना आपण मृदुकारक म्हणू. मृदुकारकाचे रेणू पीव्हीसीच्या साखळ्यांमध्ये शिरून बसतात, त्यांच्याशी रासायनिक बंध मात्र करत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षे ते हळूहळू बाहेर येत राहतात. बंद खोक्यातून बऱ्याच वर्षांनी काढलेली बाहुली हाताला चिकट लागते ती यामुळे. संग्राहक खोके न उघडता खेळणे जपतात, त्यांच्या मते ते सुरक्षित असते. पण रसायनशास्त्राला खोक्याचे सील दिसत नाही.

मृदुकारकांमध्ये थॅलेट वर्गातली संयुगे फार वापरली गेली. यांतली काही शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. युरोपने १९९९ साली लहान मुले तोंडात घालतात अशा खेळण्यांपुरती तात्पुरती बंदी घातली आणि २००५ साली काही थॅलेटांवर सर्वच खेळण्यांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा कायम केली. अमेरिकेत तसा कायदा २००८ साली झाला. आपल्याकडे खेळण्यांसाठी मानकचिन्ह सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२१ पासून. मात्र हा नियम १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना लागू आहे. शिकाऱ्यासारख्या प्रतिकृती १५ वर्षांवरील ग्राहकांसाठी म्हणून विकल्या जातात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते खेळणेच नव्हे! बाहुली नाही, खेळणे नाही, मग आहे तरी काय? 'संग्राह्य वस्तू'. ती आमच्या शाळेत चौदा वर्षांच्या मुलाच्या दप्तरातून आली, ही गोष्ट निराळी.

मोठ्यांसाठीची ही वाट रुंद केली ती टॉड मॅकफार्लेन या चित्रकथाकाराने. 'स्पॉन' या आपल्या काळोख्या नायकाच्या प्रतिकृती मनासारख्या व्हाव्यात म्हणून त्याने १९९४ साली स्वतःचीच कंपनी काढली. खेळण्यापेक्षा पाहण्यासाठी, शेल्फवर ठेवण्यासाठी प्रतिकृती घेणारे गिऱ्हाईक किती आहे, हे त्यातून सगळ्यांना कळले.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग. मोडक्या खेळण्यांचे तुकडे जमवा. पोकळ भाग कापून घ्या, नाहीतर आतली हवा फसवेल. साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, बुडबुडे झटकून तुकडे सोडा. पॉलिथिन तरंगते. जे बुडाले ते १०० मिलिलिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलेल्या द्रावणात टाका. एबीएस आणि पॉलिस्टायरीन वर येतात, कारण त्यांची घनता १.०५ च्या आसपास आणि द्रावणाची जवळपास १.२. पीव्हीसी सहसा तळाशीच राहते. अगदी मऊ पीव्हीसी कधी कधी अधांतरी घुटमळते. मुलांना त्याचे कारण विचारावे.

शिकाऱ्याचे खोके आम्ही मुलाच्या भावाकडून मागवून पाहिले. त्यावर 'चीनमध्ये निर्मित' असे छापलेले होते. बहुतेक प्रतिकृतींवर असेच काहीसे असते. साच्यातून भाग यंत्राने निघतात, पण सांधणे, कडा घासणे, झिजल्याचा आभास देणारे रंग लावणे यांत माणसांचे हात लागतात. खेळण्यांचे कारखाने मजुरी स्वस्त असेल तिकडे सरकत गेले आणि या प्रवासातली एक तारीख शिक्षकांना ठाऊक असावी असे आम्हांला वाटते. १० मे १९९३. थायलंडमध्ये बँकॉकजवळ केडर कंपनीचा खेळण्यांचा कारखाना होता. कापडी खेळणी आणि प्लॅस्टिकच्या बाहुल्या तिथे बनत आणि श्रीमंत देशांत जात. दुपारी चारच्या सुमारास एका इमारतीच्या तळमजल्यावर आग लागली. कापड, भरण, प्लॅस्टिक, सगळा ज्वालाग्राही माल. इमारतीचा सांगाडा पोलादी, पण पोलादाला उष्णतेपासून वाचवणारे कसलेच आवरण नव्हते. पोलाद सुमारे ५५० अंश सेल्सिअसला आपली निम्मी ताकद गमावते. आगीत अखेर इमारत कोसळली. दारे कुलूपबंद होती, माल चोरीला जाऊ नये म्हणून, असे वाचलेल्या कामगारांनी सांगितले. १८८ जण मेले, साडेचारशेहून अधिक जखमी झाले. बहुतेक तरुण मुली होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये शेन्झेनच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात आग लागली. तिथेही ऐंशीहून अधिक कामगार गेले.

न्यायालयात 'बाहुली माणूस आहे का' यावर चर्चा करणारे वकील ज्या प्रतिकृतींविषयी बोलत होते, त्यांची आयात नव्वदीच्या दशकातलीच.

तिसऱ्या दिवशी शिकारी परत केला. देताना मुलाला केडरची हकीकत सांगितली. तो गप्प बसला. मग त्याने अंगरख्याची कड बोटाने वर केली आणि आत, टेकू अडकवायच्या भोकाजवळ, रंगाचा एक छोटासा ओघळ दाखवला. "हा चुकून राहिलाय, सर. दादा म्हणतो, याच्यामुळे किंमत कमी होते." थोडा वेळ तो त्या ओघळाकडे बघत राहिला. "म्हणजे हे कुणीतरी हाताने रंगवलंय."

घंटा झाली. शिकारी दप्तरात गेला. बाईंनी मागून बजावले, "उद्या तुझा तो बाहुला वर्गात दिसता कामा नये." या वेळी त्याने शब्द दुरुस्त केला नाही.